रायपूरच्या मोटारी, वॉटर पंप आणि टायमिंग बेल्ट

मोटारीच्या इंजिनातला वॉटर पंप पाणी फिरवतो आणि टायमिंग बेल्ट झडपांची वेळ सांभाळतो. दोन्ही कामे इतकी वेगळी की त्यांची नावे एका दमात घेण्याचे तसे कारण नाही. १९८३ पर्यंत ती घेतलीही जात नव्हती, कारण तोवर भारतात बनणाऱ्या नेहमीच्या गाड्यांत टायमिंग बेल्ट नव्हताच. पंप इंजिनाच्या तोंडाशी, बाहेरच्या बाजूला बसलेला असे. नंतर इंजिनाची रचना बदलली, पंप आणि बेल्ट एकाच झाकणामागे गेले, आणि एकाला हात लावायचा तर दुसऱ्याला उतरवणे भाग पडू लागले. रायपूरसारख्या शहरात या बदलाचा परिणाम यंत्रापेक्षा माणसांवर अधिक झाला. शोफर, क्लीनर किंवा हौशी मालक जे काम अंगणात उरकत असे, ते मिस्त्रीकडे गेले. पंपाची जागा सरकत गेली तशी दुरुस्ती करणाऱ्याची जागाही सरकत गेली.

रायपूर हे मुळात रस्त्यावरचे गाव. नागपूरकर भोसल्यांच्या काळात छत्तीसगडचा कारभार रतनपुराहून चाले. १८१८ नंतर ब्रिटिश अधीक्षक अॅग्न्यू याने मुख्य ठाणे रायपुरात आणले, आणि १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर ते ब्रिटिश जिल्ह्याचे शहर झाले. नागपुराहून पूर्वेकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड शहराच्या मधून जातो. आजही लोक त्याला जी. ई. रोडच म्हणतात. बंगाल-नागपूर रेल्वेची लोहमार्गाची वाट १८९१ मध्ये नागपूर ते आसनसोल अशी पूर्ण झाली, आणि १९०० मध्ये रायपूरहून धमतरीकडे अरुंद मार्गाची छोटी गाडी सुरू झाली. १९५६ पर्यंत प्रांताची राजधानी नागपूर होती. कोर्टकचेऱ्या, बदल्या, शिक्षण यांचा ओढा पश्चिमेकडे राहिला आणि तात्यापाऱ्यासारख्या वस्त्यांत मराठी घरे रुजली. मोटार या शहरात आली ती याच दोन वाटांनी : रेल्वेने मुंबई-कलकत्त्याहून, आणि जी. ई. रोडने नागपुराहून.

सुरुवातीचे गिऱ्हाईक ठरलेले होते. छत्तीसगडात चौदा संस्थाने होती. त्यांच्या राजपुत्रांसाठीचे राजकुमार कॉलेज १८८२ मध्ये जबलपुरात सुरू झाले आणि १८९४ मध्ये रायपुरात आले. संस्थानिक, गोरे अधिकारी, जंगलाचे ठेकेदार, मोठे मालगुजार एवढ्यांनाच मोटार परवडे. त्यांच्या पदरी शोफर असे आणि गाडीचा मिस्त्रीही तोच. वर्कशॉप नव्हते, सुटा भाग आठवड्यांनी येई, म्हणून जे दुरुस्त करता येईल ते जागीच करायचे हा त्या नोकरीचा भागच होता.

त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपच नसे. १९०८ मध्ये आलेल्या फोर्ड मॉडेल टीच्या पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पंप होता. नंतर कंपनीने तो काढून टाकला आणि पाणी आपोआप फिरेल यावर भिस्त ठेवली. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, रेडिएटरमध्ये निवते, जड होऊन खाली उतरते आणि पुन्हा इंजिनात शिरते. या व्यवस्थेत बिघडण्यासारखे काहीच नाही, पण तिला एक अट आहे : रेडिएटरमधले पाणी खरोखर निवले पाहिजे. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा हवेत पाणी निवते कमी आणि उकळते लवकर. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की फिरणेच थांबते. त्यामुळे पाण्याचा डबा गाडीबरोबर ठेवणे आणि वाटेतल्या प्रत्येक तळ्यावर, विहिरीवर थांबणे हा प्रवासाचा नियमच होता. रायपूर तळ्यांचे शहर असल्याने पाण्याची ददात नव्हती, पण तळ्याचे पाणी गाळासकट रेडिएटरमध्ये जाई आणि त्याच्या बारीक नळ्या बुजत.

मॉडेल टीनंतरच्या मॉडेल ए मध्ये, म्हणजे १९२७ च्या अखेरीपासून, फोर्डने पंप पुन्हा बसवला. त्याच सुमारास, १९२८ मध्ये, जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली, आणि अमेरिकन गाड्या मध्य प्रांतात अधिक दिसू लागल्या. मॉडेल एचा पंप समजायला सोपा आहे. एका दांड्याच्या पुढच्या टोकाला पंखा, मागच्या टोकाला पाती असलेले चक्र. दांडा फिरला की चक्राच्या मधोमध आलेले पाणी पात्यांमुळे कडेला फेकले जाते आणि नळीवाटे पुढे ढकलले जाते. याच तत्त्वावरचे सेंट्रिफ्युगल पंप किर्लोस्करवाडीत १९२६ पासून बनू लागले होते. विहिरीवरचा पंप आणि मोटारीचा पंप यांत फरक आकाराचा, आतली गोष्ट तीच. दांडा जिथून पाण्यात शिरतो तिथे ग्रॅफाइट लावलेली दोरी गुंडाळून वरून नट आवळलेला असे. पाणी ठिबकू लागले की शोफर तो नट थोडा पिळी. पिळून पिळून दोरी संपली की नवी भरायची. या दुरुस्तीला पान्यापलीकडे काही लागत नसे. नट गरजेपेक्षा जास्त आवळला तर मात्र दांड्यावर चरे पडत आणि गळती कायमची मागे लागे.

झडपांची वेळ सांभाळणारी यंत्रणा या सगळ्यापासून लांब होती. चार धावांच्या (फोर-स्ट्रोक) इंजिनात पिस्टनमुळे फिरणारा क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की झडपा उघडणारा कॅमशाफ्ट एकदा फिरावा लागतो, म्हणून कॅमच्या चक्राला क्रँकच्या दुप्पट दाते असतात. जुन्या इंजिनांत कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, क्रँकच्या शेजारीच असे. अंतर हातभरही नसल्याने मध्ये दोन दातेरी चाके किंवा छोटी साखळी पुरे. ती तेलात भिजलेली असे आणि बहुधा इंजिन पूर्ण खोलेपर्यंत तिला कोणी हात लावत नसे. सामान्य चालकाला तर ती अस्तित्वात आहे याचीही खबर नसे.

दुसऱ्या महायुद्धाने या धंद्याला दोन गोष्टी दिल्या. १९४१ पासून पेट्रोलचे रेशनिंग आले, आणि बऱ्याच बसगाड्यांच्या मागे कोळशाचा गॅस तयार करणाऱ्या भट्ट्या लागल्या. गॅसवर चालणारे इंजिन ताकदीला कमी आणि कटकटीला जास्त असते. ते चालू ठेवता ठेवता बसवाल्यांची माणसे तयार झाली. दुसरी गोष्ट म्हणजे युद्धानंतर लिलावात निघालेले लष्करी सामान. रायपूरजवळ माना येथे युद्धकाळातली धावपट्टी होती. देशभर विलीज जीप, शेव्हरलेट आणि फोर्डचे ट्रक लिलावात निघाले, त्यांच्यामागून सुटे भाग आले, आणि सैन्यात मोटारीचे काम शिकलेले जवानही परतले. १९४७ पासून महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. जंगलखाते, सिंचन आणि पोलिसांमुळे जीप छत्तीसगडात सर्वत्र पोचली. तिचा पंप समोर, पंख्यासकट, एका व्ही-आकाराच्या पट्ट्यावर चाले. ज्याला जीपचा पंप उतरवता आला त्याला पुढची तीस वर्षे रस्त्यावरच्या जवळपास कोणत्याही गाडीचा पंप उतरवता आला.

स्वातंत्र्यानंतर रायपुरात मोटारदुरुस्ती हा स्वतंत्र धंदा उभा राहिला. त्यामागे ट्रक होते. १९५४ पासून जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज बेंझचे ट्रक बाहेर पडू लागले. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ ला त्याची पहिली झोतभट्टी पेटली. १९५८ मध्ये निर्वासितांच्या पुनर्वसनाचा दंडकारण्य प्रकल्प आला, १९६४ मध्ये मानाला पूर्व बंगालच्या निर्वासितांची मोठी छावणी पडली, आणि बस्तरच्या दिशेने धान्य, सिमेंट, माणसे नेणारी वाहने वाढली. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी कुटुंबांनी वाहतूक आणि दुरुस्ती या दोन्ही व्यवसायांत पाय रोवले. मिस्त्री कोणत्याही जातीचा वा भाषेचा असो, गॅरेजची बोली हिंदी झाली. तात्यापाऱ्यातला मराठी मालकही तिथे ‘पाना’ सोडून ‘चाबी’ म्हणू लागला. शिकण्याची पद्धत उस्ताद-शागिर्दाची. पोरगा आधी नटबोल्ट रॉकेलमध्ये धुई, मग पाने हाती देई, आणि बऱ्याच दिवसांनी त्याला पंपासारखे बाहेरचे काम मिळे. इंजिनाच्या आत हात घालण्याची परवानगी सर्वांत शेवटी.

या ट्रकांची खरी परीक्षा रायपूर-जगदलपूर रस्त्यावर केशकालच्या घाटात होई. भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये चढतो तेव्हा इंजिन जोरात फिरते, पण समोरून येणारी हवा जवळजवळ नसते. सगळी मदार पंख्यावर आणि पंपावर. फॅन बेल्ट घसरला की पंप मंदावतो, पंखाही मंदावतो, आणि पाणी काही मिनिटांत उकळते. म्हणून ट्रकला समोर कॅनव्हासची छागल टांगलेली, केबिनमध्ये जादा बेल्ट आणि क्लीनरच्या हाताशी पान्यांची पिशवी, हा सरंजाम ठरून गेला. टाटाच्या त्या डिझेल इंजिनात झडपांची वेळ दातेरी चाकांवर होती. ती तुटण्याचा प्रश्न विरळा, त्यामुळे रस्त्यावर अडलेल्या ट्रकची दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा पाणी, डिझेल किंवा चाके यांपैकी एखाद्या गोष्टीची दुरुस्ती असे.

खासगी मोटारीचा काळ मात्र अॅम्बेसेडर आणि फिएटचा. अॅम्बेसेडर १९५७ मध्ये उत्तरपाड्याला सुरू झाली. पुढे तिला १४८९ सी.सी.चे इंजिन मिळाले आणि तेच कित्येक दशके चालले. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फिएट ११०० हीच १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली, इंजिन १०८९ सी.सी.चे. दोन्हींत कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, साखळी तेलात, पंप समोर. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असल्याने मिळालेली गाडी जपून, पुरवून वापरायची असे. ती विकण्याचा विचार क्वचितच होई. एकच गाडी घरात वीस-वीस वर्षे राही. इतका काळ राहिलेल्या यंत्राशी मालकाची ओळख होणे साहजिक होते. घरच्या घरी पंप बदलणे हा प्रकार खऱ्या अर्थाने या पिढीचा.

पंप जाण्याआधी सूचना देई. दांड्यावरचे सील झिजले की पंपाच्या पोटाखालच्या छोट्या भोकातून थेंब पडू लागत. हे भोक मुद्दाम ठेवलेले असते : सीलमधून आलेले पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावे, आणि बाहेर पडताना दिसावेही. दुसरी सूचना आवाजाची. बेअरिंग सैल झाले की इंजिन चालू असताना घरघर ऐकू येई, आणि बंद करून पंख्याची पाती हाताने हलवली तर पंखा डुगडुगे. हे दोन्ही ओळखायला मिस्त्री लागत नसे.

काम एका सकाळचे. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या तळाचा कॉक उघडून पाणी घमेल्यात काढायचे, वरची-खालची रबरी नळी सोडवायची, रेडिएटर उचलून बाजूला ठेवायचा. डायनॅमोचे बोल्ट सैल करून तो आत ढकलला की बेल्ट निघतो. मग पंखा आणि पुली. त्यानंतर पंपाचे बोल्ट. अॅम्बेसेडरला इंची मापाचे पाने लागत, फिएटला मिलिमीटरचे, आणि दोन्ही गाड्या हाताळणाऱ्या मिस्त्रीला दोन संच बाळगावे लागत. घरी काम करणारा एका गाडीचा संच घेऊन बसे, हा त्याचा फायदा. पंप निघाल्यावर जुने पॅकिंग खरवडून ब्लॉकचा चेहरा साफ करण्याचे काम सर्वांत कंटाळवाणे, पण गळती टळणे त्यावरच अवलंबून. नवे पॅकिंग विकत मिळे, नाही तर जाड कागदावर पंपाचा ठसा घेऊन कात्रीने कापले जाई.

नवा पंप घेण्याची घाई कोणी करत नसे. बाजारात पंपाचे किट मिळे : दांड्यासकट बेअरिंग, सील आणि लागले तर पात्यांचे चक्र. बिडाचे जुने अंग घेऊन लेथवाल्याकडे जायचे, तो प्रेसवर जुना दांडा काढून नवा बसवून देई. घरचे काम आणि बाजारचे काम यांची वाटणी इथे होती : उतरवणे-चढवणे अंगणात, दाबून बसवणे वर्कशॉपात. परत बसवल्यावर बेल्टचा ताण अंगठ्याने दाबून पाहत. अर्धा इंच दबला की बरोबर. फार आवळला तर नवे बेअरिंग महिन्याभरात घरघरू लागे. चुकीची शिक्षा मिळे ती एवढीच. काही चुकले तर पाणी गळे, गाडी तापे, पुन्हा खोलावे लागे. इंजिन मात्र शाबूत राही. घरगुती दुरुस्ती टिकून राहण्याचे मुख्य कारण पैशाची बचत असे सांगितले जाते, पण चूक परवडत होती हे कारण त्याहून मोठे दिसते.

ती मुभा संपवणारा दातेरी पट्टा तोवर जगात रुळला होता. रबराच्या पट्ट्याला आतून दाते पाडण्याची कल्पना १९४० च्या दशकातली, अमेरिकेतली. गिल्मर कंपनीच्या रिचर्ड केस याने ती मांडली आणि पहिला उपयोग सिंगरच्या शिवणयंत्रात झाला. सुई आणि खालची फिरकी यांचा मेळ न घसरता राहावा, एवढाच हेतू. मोटारीत तो रुळला १९६२ च्या सुमारास, जर्मनीच्या ग्लास १००४ या छोट्या गाडीत. मग इटलीत फिएटने, अमेरिकेत पाँटियाक आणि फोर्डने तो उचलला. कारण सोपे होते. कॅमशाफ्ट ब्लॉकमधून उचलून थेट सिलिंडरच्या हेडवर नेला की झडपांची यंत्रणा हलकी होते आणि इंजिन अधिक वेगाने फिरू शकते, पण क्रँक आणि कॅम यांतले अंतर वाढते. तेवढी लांब साखळी आवाज करते आणि महाग पडते. रबरी पट्टा स्वस्त, शांत, त्याला तेल लागत नाही. त्याचा दोष एकच : तो म्हातारा होतो, आणि साखळीसारखी आधी कुरकूर करत नाही.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली, आणि हा पट्टा भारतातल्या सामान्य घरात आला. इंजिन ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरचे, कॅमशाफ्ट वर, हेड अॅल्युमिनियमचे, आणि इंजिन आडवे बसवलेले. रेडिएटरचा पंखा विजेवर. अॅम्बेसेडरच्या बॉनेटखाली माणूस उभा राहील असे मालक गमतीने म्हणत. मारुतीत इंजिनाची पट्ट्याकडची बाजू चाकाच्या पत्र्याला भिडलेली, मध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट. तिथवर पोचायला उजवे चाक काढून खालून-बाजूने काम करावे लागते. रायपूरच्या जुन्या मिस्त्रींना ही गाडी सुरुवातीला खेळण्यासारखी वाटली आणि नंतर अवघड.

अडचण पान्यांची नव्हती. पट्टा उतरवताना क्रँक आणि कॅम यांच्या पुलींवरच्या खुणा आपापल्या ठिकाणी जुळलेल्या असाव्या लागतात, आणि नवा पट्टा चढवेपर्यंत त्या तशाच राहाव्या लागतात. एक दात चुकला तर गाडी सुरू होते, पण ओढत नाही, तापते, पेट्रोल पिते. जास्त चुकला, किंवा पट्टा चालत्या गाडीत तुटला, तर बऱ्याच इंजिनांत उघड्या झडपेवर पिस्टन आदळतो आणि झडपा वाकतात. डिझेलमध्ये तर ते जवळजवळ नक्कीच, कारण तिथे पिस्टन आणि झडप यांत जागाच फार थोडी. म्हणजे हेड उतरवायचे, झडपा बदलायच्या, मोठ्या खर्चात पडायचे. शिवाय इथे कानावर विसंबता येत नव्हते. पट्टा बदलायचा तो आवाज आला म्हणून नव्हे, किलोमीटर आणि वर्षे भरली म्हणून. गाडीप्रमाणे ही मुदत साधारण ६० हजार ते १ लाख किलोमीटर असते. बिघडल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही हा गॅरेजचा जुना धर्म; चांगला दिसणारा पट्टा काढून फेकायला गिऱ्हाइकाला राजी करणे हे मिस्त्रीसाठी नवे, आणि अविश्वास ओढवून घेणारे काम होते.

मारुतीच्याच पुढच्या गाड्यांत, म्हणजे जिप्सी, १९९० ची मारुती १००० आणि १९९४ ची एस्टीम यांच्या इंजिनात, पंप आणि पट्टा यांची गाठ पडलेली दिसते. पंप अजूनही बाहेरच्या साध्या बेल्टवरच फिरे, पण तो बसवलेला टायमिंग बेल्टच्या मागे. गळका पंप काढायचा म्हणजे टायमिंग बेल्ट आधी काढायचाच. अॅम्बेसेडरमधले एका सकाळचे अंगणातले काम इथे खुणा जुळवण्याच्या परीक्षेसकट येऊ लागले.

१९९३ मध्ये मोटार उद्योगावरचे परवान्याचे बंधन उठले आणि परदेशी इंजिनांची रांग लागली. त्यांतल्या अनेकांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरत होता. कल्याणला बनलेली प्यूजो ३०९, १९९५ ची देवू सिएलो, १९९६ ची फिएट उनो आणि ओपेल अॅस्ट्रा, सगळ्यांची तऱ्हा तीच. सिएलो आणि अॅस्ट्रा यांचा पंप तर स्वतःच पट्ट्याचा ताण ठरवे : पंपाचे अंग ब्लॉकमध्ये थोडे फिरवता येई, आणि ते फिरवायला ४१ मिलिमीटरचा पातळ पाना लागे. असा पाना सहसा कुणाकडे नसे. मिस्त्रींनी पत्रा कापून तो घडवला किंवा पाइपच्या पान्याने वेळ मारून नेली, आणि पाइपच्या पान्याने पंपाचे अंग कुरतडले गेले. त्या गाड्यांपैकी प्यूजो १९९७ नंतर टिकली नाही आणि देवूही थोड्याच वर्षांत बुडाली. मग पंप आणि पट्टा मिळवणे हेच दुरुस्तीपेक्षा मोठे काम झाले. दिल्ली-मुंबईच्या जुन्या बाजारांतून भाग रेल्वेच्या पार्सलने येत राहिले. जीपच्या काळातही शहर याच वाटेने भाग मागवत होते.

३० डिसेंबर १९९८ ला पुण्याजवळच्या पिंपरीत बनणारी टाटा इंडिका बाजारात आली. तिच्या डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट होता, आणि ती टॅक्सी म्हणून भरपूर धावली. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळे राज्य झाले, रायपूर राजधानी झाले, आणि मंत्रालयापासून कंत्राटदारांपर्यंत सर्वांना गाड्या लागू लागल्या. वर्षाला पन्नास-साठ हजार किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीला पट्ट्याची मुदत वर्ष-दीड वर्षातच भरते. एखाद्या घरगुती मारुतीत जे काम दहा वर्षांतून एकदा निघे ते इथे दरसाल निघाले. मिस्त्री टायमिंग बेल्टच्या कामात खरे तरबेज झाले ते या सरावामुळे. ज्यांनी मुदत चुकवली त्यांनी वाकलेल्या झडपांच्या रूपाने त्याची किंमत मोजली, आणि गॅरेजच्या कोपऱ्यात टांगलेल्या अशा झडपा हाच गिऱ्हाइकाला पटवण्याचा सर्वांत सोपा पुरावा ठरला.

याच काळात मौदहापाऱ्याच्या के. के. रोडसारख्या भागांतल्या सुट्या भागांच्या दुकानांत पंप, पट्टा, ताण देणारी पुली आणि आयडलर (मोकळी फिरणारी पुली) हे एकत्र बांधून ‘किट’ म्हणून विकले जाऊ लागले. यामागचा हिशेब मजुरीचा आहे. पट्टा उतरवायची मजुरी एकदाच द्यायची असेल तर त्यामागचा पंप बरा दिसत असला तरी त्याच वेळी बदलावा. सहा महिन्यांनी त्याचे सील गेले तर तीच मजुरी पुन्हा, आणि गळलेल्या कूलंटने नवा पट्टाही खराब. २००७ च्या लोगनमध्ये आणि २०१२ च्या डस्टरमध्ये आलेले रेनॉचे १.५ लिटरचे डिझेल इंजिन याचे नमुनेदार उदाहरण. त्यात पंप पट्ट्यावरच फिरतो, म्हणून पंपाचे बेअरिंग अडकले तर पट्टा जातो आणि पट्ट्याबरोबर झडपाही.

पाण्याचा प्रश्नही याच काळात बदलला. बिडाच्या ब्लॉकला तळ्याचे नाही तर नळाचे पाणी चालून गेले. अॅल्युमिनियमच्या हेडला ते मानवत नाही. क्षारांची पुटे चढतात, पात्यांचे चक्र गंजते, सील लवकर झिजते. रंगीत कूलंट आणि शुद्ध पाण्याचे मिश्रण भरा, असे कंपन्यांच्या पुस्तिकांत पहिल्यापासून छापलेले होते. रायपुरात बऱ्याच मालकांनी ते मनावर घेतले एक-दोन पंप बदलून झाल्यावर.

घरी हे काम करणारे आजही आहेत, संख्येने थोडे. त्यांची रीत मोठ्या वर्कशॉपपेक्षा फार वेगळी नाही. बॅटरीची तार सोडवणे, इंजिन थंड असताना कूलंट काढणे, गाडी जॅकवर न ठेवता घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवणे, चाक आणि आतला प्लास्टिकचा पडदा काढणे, बाहेरचा बेल्ट, क्रँकची पुली, मग झाकण. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणून खुणा जुळवणे, आणि मूळच्या खुणा तेलाने पुसट झाल्या असतील तर पांढऱ्या रंगाने आपल्या खुणा करणे. पट्टा, पुल्या, पंप बदलल्यावर खरा क्षण पुढे येतो : गाडी सुरू करण्याआधी क्रँक पान्याने हाताने पूर्ण दोनदा फिरवायचा. मध्येच काही अडले तर जोर लावायचा नाही. खुणा पुन्हा पाहायच्या. दोन फेऱ्यांनंतर खुणा जागच्या जागी आल्या तरच किल्ली फिरवायची. कूलंट भरताना आत अडकलेली हवा काढणे हाही याच कामाचा भाग, कारण हवेचा बुडबुडा पंपात अडकला की नवा पंपही पाणी ढकलत नाही. पुलीचा मधला बोल्ट मात्र घरच्या पान्याला सहसा दाद देत नाही. तेवढ्यासाठी शेजारच्या गॅरेजमधून हवेच्या दाबावर चालणाऱ्या पान्याचा मिस्त्री बोलावला जातो. लेथवाल्याशी असलेली जुनी वाटणी आता या बोल्टापुरती उरली आहे.

दरम्यान पट्ट्याचेच दिवस भरत आले. मारुतीने २००८ च्या ए-स्टारपासून नव्या पेट्रोल इंजिनात साखळी आणली; स्विफ्टमधून २००७ मध्ये आलेल्या १.३ लिटरच्या डिझेलमध्येही साखळीच होती. पंप पुन्हा बाहेर, बाहेरच्या बेल्टवर. मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये आणि अॅम्बेसेडर त्याच वर्षी मे महिन्यात बंद झाली. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे मानक लागू झाल्यावर रेनॉने भारतातली डिझेल विक्री थांबवली. त्याच वर्षी जानेवारीत आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीमध्ये झडपा नाहीत, म्हणून टायमिंगही नाही. बॅटरी आणि मोटर थंड ठेवायला कूलंट मात्र लागते, आणि ते फिरवणारा छोटा पंप विजेवर चालतो. सध्या रायपूरच्या गॅरेजांत पट्ट्यासाठी जुन्या अल्टो आणि ओम्नी, उरलेल्या इंडिका, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पट्ट्याच्या मुदतीला आलेल्या डस्टर अशा गाड्या येतात.